हॉटेलच्या बफेतले मांडे, कौलासारखी भाकरी आणि आमचे मामा (नाशिक)

गोदाकाठचा | रविवार, रात्री ९:४०

मामा सटाण्याहून डोळे दाखवायला आले होते. तपासणी शनिवारीच आटपली, रविवारी दुपारी चारच्या गाडीनं परत जायचं होतं. बायको म्हणाली, जायच्या आधी बाहेर जेवू. मुंबई-आग्रा हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात (नाव मुद्दाम देत नाही, खाली कळेल का ते) रविवारी दुपारी नाशिकच्या पारंपरिक जेवणाचा बफे असतो. माणशी ८९९ अधिक कर. आकडा ऐकून मामा म्हणाले, "एवढ्यात माझ्याकडे महिन्याची बाजरी येते." तरी आले, कारण आईनं "मी एकटी त्या हॉटेलात काय करू" असा सूर लावला. आई त्यांची धाकटी बहीण. तिचं त्यांनी कधी मोडलेलं नाही.

दारात बैलगाडीचं चाक, पैठणी नेसवलेली बाहुली, सुपात मांडलेले कांदे. वाढपी पोरांना फेटे बांधलेले. आत एसी असूनही एकाच्या कानामागून घाम चालला होता, त्याची कीव आली. पनीर, नूडल्स, पास्ता वगैरे पण होतंच. तिकडे बघायचं नाही असं घरूनच ठरवून निघालो होतो.

आता पदार्थ.

भरीत: जांभळ्या काळ्या वांग्याचं, गॅसवर भाजलेलं, वर टोमॅटो. मामांनी एक घास घेतला आणि ताटाच्या कडेला सारलं. खानदेशी भरिताचं वांगं पांढुरकं हिरवं, लांबट, बिया कमी. जळगावच्या त्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. ते कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजायचं, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायचं, मग कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. टोमॅटो कुठून आला त्यात?

शेवभाजी: आम्ही पोचलो पावणेदोनला. तोवर शेवेची लापशी झाली होती.

कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी: टोपलीत, कापडी नॅपकिनखाली झाकलेली. उचलली तर वाकेना. कौल.

मिसळ: चहाच्या काचेच्या ग्लासात, वर एक पापड खोचलेला. नाशकात राहून ग्लासातली मिसळ चमच्यानं खायची वेळ आली. पुढे बोलत नाही.

पाटवडी रस्सा: हा मात्र जमला होता. मी तीनदा घेतला. कांदा-खोबरं चांगलं काळपट होईस्तोवर भाजलेलं, दगडफुलाचा वास येणारा काळा मसाला. वड्या रश्शात मुरून आतपर्यंत झाल्या होत्या, तरी कुठे फुटलेल्या नाहीत. हे ज्यानं केलं त्याच्या हाताला माझा नमस्कार.

पण धागा काढला तो मांड्यांसाठी. हॉलच्या मागच्या दाराशी, जिथून एसीची हवा जात नाही अशा कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. पुढे गॅसची मोठी शेगडी, त्यावर उपडं खापर. समोर पाटी, 'हेरिटेज स्वीट पॅनकेक'. मामांनी मला विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, सरळ मावशींच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कोनता गावनी शे वं माय?"

मावशींनी मान वर केली. बागलाणच्याच, म्हणजे मामांच्या सटाण्याकडच्याच निघाल्या. मग दोघांचं अहिराणीत जे सुरू झालं ते अर्धं मला कळलं, अर्धं नाही. आईला सगळं कळत होतं. ती मधेच हसत होती, जशी घरी कधी हसत नाही.

मावशींचे हात मात्र थांबले नव्हते. दोन पाऱ्या, मधे पुरण, कडा दाबल्या, लाटणं दोन-चारदाच फिरवलं. मग तो गोळा उचलून या हातावरून त्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत पसरत गेला, इतका पातळ की खालच्या हिरव्या बांगड्या दिसायला लागल्या. आणि एका झटक्यात खापरावर. एकही सुरकुती नाही. मामांना म्हणाल्या, गॅसवर खापर मधेच तापतं, कडा गारच राहतात, म्हणून सारखा फिरवावा लागतो. घरी लाकडाची आच सगळीकडून चढते.

झालेला मांडा वाढपी पोरगा घडी घालून झाकणाच्या गरम भांड्यात टाकत होता. आत वाफ. दहा मिनिटांत त्याचं ओलं फडकं होतं (मी आधी तिथलाच घेतला होता, म्हणून सांगतो). मावशींनी मामांचा मांडा त्याला दिलाच नाही. म्हणाल्या, हातात घ्या. मामांनी उभ्या उभ्या खाल्ला, वर नुसतं तूप. शेजारी आमरस होता, त्याला हात लावला नाही. आषाढात रस कुठला, डब्यातलाच.

गाडीत बसताना मामा एवढंच म्हणाले, "बाई चांगली आहे. खापर लहान दिलंय तिला."

तर विचारायचं हे की शहरात असे मांडे समोर करून देणारं आणखी कुणी आहे का? आणि अशा बफेत नेमकं काय घ्यावं, काय टाळावं? बिलाची रड वेगळी आहे, ती नंतर.

पावशेर | रविवार, रात्री ९:५२

फोटो नाही तर धागा बाद.

गोदाकाठचा | रविवार, रात्री ९:५५

@पावशेर, मोबाईल काढला होता. मामा म्हणाले, बाई काम करतेय, तमाशा नाही. ठेवला खिशात.

दहीपूल | रविवार, रात्री १०:२०

लेख छान, पण मुळातच एक शंका. मांडे, कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी हे सगळं खानदेशी. मग पाटीवर 'नाशिक' कशाला? आमची पाचवी पिढी दहीपुलावर. आमच्या घरी सणाला साधी पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची पातळ भाजी. बाहेरचं खाणं म्हणजे मिसळ, जिलबी आणि पाहुण्यांच्या हाती द्यायला कोंडाजीचा चिवडा. खापर मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याच्या लग्नात. उद्या नागपूरचा सावजी रस्साही नाशिकचा म्हणून वाढतील.

ओझरवाला | रविवार, रात्री १०:४८

@दहीपूल काका, नाशिक म्हणजे फक्त दहीपूल ते रविवार कारंजा नव्हे हो. नाशिक जिल्हा झाला तोच १८६९ मध्ये. त्याआधी पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी हा मुलूख खानदेश आणि तेव्हाचं अहमदनगर यांच्यात वाटून टाकला होता. सटाणा, मालेगाव, कळवण इथे आजही घराघरात अहिराणी बोलतात. मामा आणि मावशींना कुणी दुभाषा लागला का? मग मांडे नाशिकचे नाहीत असं कसं म्हणता? खुद्द खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ साली पडले. जिल्ह्यांच्या रेघा साहेबानं ओढल्या, त्या चुलीपर्यंत आल्या नाहीत.

माझं सासर देवळा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासूबाई मांडे करतात तेव्हा जावयाला बाजूला बसवून वाढतात. त्या दिवशी मी नाशिककर असतो की खानदेशी, हे मला कुणी विचारलेलं नाही.

दहीपूल | रविवार, रात्री ११:०५

साहेबाच्या रेघांचं पटलं. पण मग अळूची भाजी का नव्हती बफेत? तीही याच मातीतली ना? एकाला चूल आणि आम्हाला काय?

गोदाकाठचा | रविवार, रात्री ११:०८

ही तक्रार रास्त आहे. अळू नव्हतं.

भाकरतुकडा | सोमवार, सकाळी ७:१५

भाकरीबद्दल लिहिते. बाजरी-ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. म्हणून गरम पाण्यात पीठ मळतात, पिठातलं पिष्ट थोडं उकडतं आणि तेवढ्यावर भाकरी एकसंध राहते. तव्यावरून उतरली की पहिली पाच मिनिटं तिची. गार होताना तेच पिष्ट आवळत जातं. नॅपकिनखाली ठेवली तर वरून वाफेनं ओली, आतून कडक. त्यात आचाऱ्याचा दोष नाही, अर्ध्या तासापूर्वीची भाकरी टोपलीत ठेवणाऱ्याचा आहे. बाजरीचं आणखी एक म्हणजे पिठात तेल जास्त, दळून आठवडा झाला की खवट कडू लागतं. हॉटेलात महिन्याचं पीठ एकदम येतं. म्हणून मी बफेत बाजरीची भाकरी घेतच नाही, घेतलीच तर आधी तुकडा चाखते.

कळण्याचं म्हणाल तर आमचं प्रमाण चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद, मीठ दळतानाच घालायचं. उडदामुळे पिठाला थोडा चिकटपणा येतो. तुमच्या ताटात कौल आलं याचा अर्थ एकतर उडीद कमी होते, नाहीतर भाकरी सकाळची होती. मला दुसरं वाटतं.

आणि मामांना सांगा, त्यांच्याकडची महिन्याची बाजरी त्यांनी दर आठवड्याला थोडी थोडीच दळावी. (त्यांना ठाऊक असेलच म्हणा.)

हरसूलची | सोमवार, सकाळी १०:३०

नागली होती का? कुणी काहीच लिहिलं नाही म्हणून विचारते.

गोदाकाठचा | सोमवार, सकाळी १०:४१

होती, लिहायची राहिली. मांड्यांच्या शेजारीच एक मुलगी गरम करून देत होती. पाटीवर 'रागी रोटी'. सोबत काळी चटणी, ती फार आवडली. आणि शेवळ्याची भाजी होती. ती खाऊन आईचा घसा संध्याकाळपर्यंत खवखवत होता.

हरसूलची | सोमवार, सकाळी ११:१२

वाटलंच मला.

शेवळ्याला आंबट लागतंच. आमच्याकडे काकडाची फळं घालतात, ती नसतील तर चिंच. ते विसरलं की घसा धरणारच. पहिल्या पावसात दहा-पंधरा दिवस मिळणारी भाजी ही. पेठ रोडला आमच्या बाया टोपल्या घेऊन बसतात, त्यांना नुसतं विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आईंना म्हणावं पुढच्या वेळी कोळीची भाजी किंवा करटोली घ्या, बिनघोर.

ती काळी चटणी खुरासणीची, म्हणजे कारळ्याची. भाजून, लसूण-मिरची घालून कुटलेली. आणि पाटीचं म्हणाल तर आम्ही नाचणीसुद्धा म्हणत नाही, नागली म्हणतो. २०२३ साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून हॉटेलांना नागली दिसायला लागली. चांगलंच आहे, तक्रार नाही. फक्त ज्यांनी पिकवली त्यांचा शब्द तरी पाटीवर लिहा.

पेठ, सुरगाणा, हरसूलच्या उतारावरच्या जमिनीत अजून राब भाजून नागली-वरई होते. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या टाकून वाफा जाळायचा, पाऊस पडला की त्यात बी, मग रोपं उपटून माळावर लावायची. आत्ता हे लिहितेय तेव्हा माझी आई गुडघाभर चिखलात असेल. उपासाची भगर म्हणून तुम्ही खाता ती आमची वरईच. लहानपणी शाळेच्या डब्यात नागलीची भाकरी नेली की पोरं 'काळी भाकर' म्हणून हसायची. मी डबा भिंतीकडे तोंड करून खायचे. आता त्याच भाकरीची पाटी लावतात, फेटा बांधून वाढतात. मला हसू येतं आणि येतही नाही.

एक विचारते. ती भाकरी करणारी मुलगी कुठली होती?

गोदाकाठचा | सोमवार, सकाळी ११:३०

ताई, विचारलं नाही मी. मामांनी मावशींना विचारलं, मी त्या मुलीला नाही. आता लाज वाटतेय.

दहीपूल | सोमवार, दुपारी १२:०२

@हरसूलची, काल जे लिहिलं त्यातलं 'आम्हाला काय' मागे घेतो. अळूची भाजी मी घरी करून खाईन.

झाऱ्या | सोमवार, दुपारी ४:१०

सतरा वर्षं हॉटेलच्या किचनात आहे (तुमच्या त्या हॉटेलात नाही). आतली बाजू सांगतो.

बफेतलं गरम अन्न ६० अंशांच्या वर धरून ठेवावं लागतं, नाहीतर पोटं बिघडतात. म्हणून खाली पाणी आणि पेटत्या जेलचा डबा. म्हणजे प्रत्येक पदार्थ दोन-अडीच तास मंद शिजतच राहतो. जो पदार्थ असा मुरल्यानं सुधारतो तो घ्या: पाटवडी रस्सा, शेंगोळे, डाळी, उसळी. जो आचेवरून थेट ताटात यायचा तो तिथे मरतो: भाकरी, मांडे, भजी, शेवभाजी. शेव बाजूला वाडग्यात ठेवा, पाहुणा स्वतः घालून घेईल असं आम्ही दर वेळी सांगतो. वरून उत्तर येतं, गिऱ्हाईकाला कळत नाही, भाजी अर्धवट वाटते. तुम्ही मागून बघा, किचनात कोरडी शेव असतेच. मी असतो तर आनंदानं दिली असती.

वेळ साडेबाराची गाठा. पहिला घाणा ताजा असतो. पावणेदोनला गेलात म्हणजे तुम्ही शेवटच्या भरण्याच्या आधी पोचलात, ना पहिलं ना ताजं. थांबायची तयारी असेल तर भांडं रिकामं होताना उभे राहा, नवीन येतंच.

खापराखाली लाकूड का नाही? बंद हॉलमध्ये धूर आणि आग, परवानगी मिळत नाही. बाहेर लॉनवर चूल मांडता येते, पण मग पावसाळ्यात काय? मावशींना लहान खापर दिलंय ते शेगडीच्या मापानं. मामांची नजर बरोबर आहे.

पावशेर | सोमवार, दुपारी ४:१८

सतरा वर्षं किचनात आणि आयडी झाऱ्या. मान गये.

ओझरवाला | सोमवार, संध्याकाळी ६:३०

बिलाची रड सांगा की आता.

गोदाकाठचा | सोमवार, संध्याकाळी ७:०५

चौघांचे ३,५९६. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, ३५९.६०. आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. एकूण ४,१५३. म्हणजे चार्जवरही कर. मी म्हटलं काढा. मॅनेजर म्हणाला, सर, सिस्टीममध्ये आपोआप येतो. मामांची गाडी चुकेल म्हणून भरून निघालो. म्हणून नाव देत नाही. भांडण तिथे करायचं होतं, ते केलं नाही, आता इथे बदनामी कशाला.

तळटीप | सोमवार, रात्री ८:४४

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती तत्त्वं कायम ठेवली. द्यायचा तर तुमच्या खुशीनं. काढला असता तर बिल ३,७७५.८० झालं असतं. मॅनेजर ऐकत नसेल तर तिथूनच १९१५ लावायचा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नुसतं फोन कानाला लावलेलं पाहून सिस्टीम दुरुस्त होते, असा माझा दोनदाचा अनुभव आहे.

जीएसटी ५ टक्के बरोबर आहे. खोल्यांचं भाडं ७,५०० च्या वर असलेलं हॉटेल असतं तर १८ बसला असता.

भाकरतुकडा | सोमवार, रात्री ९:१०

३७७ रुपये गेले म्हणजे. ते त्या मावशींच्या हातात पडले असते तर वाईट वाटलं नसतं.

गोदाकाठचा | सोमवार, रात्री ९:१६

आईनं दिले होते शंभर. मावशी घेईनात. आईनं खापराच्या शेगडीखाली ठेवले आणि आली.

बरं, खापर कुठे मिळेल? आईनं कालपासून घोर लावलाय.

ओझरवाला | सोमवार, रात्री ९:३३

गंगेवर (गोदाघाटावर) बुधवारच्या बाजारात मातीची भांडीवाले बसतात, तिथे विचारा. नाही मिळालं तर मामांना सांगा, सटाण्याकडून सहज येईल. नवीन खापर रात्रभर पाण्यात ठेवा, नीट वाळवा, पहिले दोन-तीन वेळा मंद आचेवरच तापवा. एकदम मोठी आच दिली तर तडकतं, सासूबाईंचं एक गेलंय.

गहू भिजवून, कोरडे करून, दळून पीठ वस्त्रगाळ करायचं. बाजारच्या मैद्यानं ताण येतो पण चव येत नाही.

गोदाकाठचा | पुढच्या रविवारी, रात्री ८:२०

अपडेट. बुधवारी गंगेवर खापर मिळालं नाही, माठ आणि पणत्याच होत्या. मामांना फोन केला. शुक्रवारी सटाण्याच्या एसटीत कंडक्टरच्या ओळखीनं पोतं आलं. आत खापर, गवतात गुंडाळून, आणि चाळलेल्या पिठाची पिशवी. खापर आमच्या शेगडीवर अर्ध्याहून जास्त बाहेर येतं. मामांच्या मते हे मध्यम आहे.

आज केले. आईनं चाळीस वर्षांनी हातावर घेतला. पहिला कोपरापर्यंत गेला आणि तिथेच फाटला, पुरण ओट्यावर. दुसरा खापरावर पडला पण अर्धा बाहेर लोंबला, खाली ज्योतीवर कडा जळाल्या. तिसरा बायकोनं आणि आईनं चार हातांनी टाकला, तो झाला म्हणायचा. चौथ्यापासून आईनं लाटण्यानं साधी पुरणपोळी लाटली. फाटलेले दोन दुधात कुस्करून मी खाल्ले.

दुपारी त्याच हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करून विचारलं, खापरावरच्या मावशी आज आहेत का. पलीकडची मुलगी म्हणाली, कोण मावशी? मी म्हटलं, पॅनकेकवाल्या. म्हणाली, हो सर, दर रविवारी असतात. नागलीवाल्या मुलीचंही विचारलं. @हरसूलची, ती सुरगाण्याची आहे.

हरसूलची | पुढच्या रविवारी, रात्री ८:५१

सांगितलंत, बरं केलंत.

भाकरतुकडा | पुढच्या रविवारी, रात्री ९:०२

कोपराशी फाटला म्हणजे कणीक घट्ट झाली. अजून सैल मळा, तेल-पाण्याचा हात लावत अर्धा तास तिंबा, मग तासभर झाकून ठेवा. आणि बांगड्या काढू नका म्हणावं आईंना. पातळपणा त्यांच्यावरूनच कळतो.